भुईरेड्याचे गुरुजी

त्या माणसाला मी छपराखाली कधी पाहिलं नाही. शाळेत शिक्षक आम्ही दोघंच, ते मुख्याध्यापक आणि मी सहशिक्षिका. वर्षानुवर्षं एकाच अंगणात वावरलो, पण वर्गाच्या उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल पडलेलं मला आठवत नाही. सही करायची तर मी मस्टर बाहेर नेऊन द्यायचे. ते कडुनिंबाच्या पारावर मांडी घालून बसायचे, मस्टरचं पान उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवायचे आणि सही करायचे. पाऊस आला की पोरं व्हरांड्यात, गुरुजी अंगणात छत्री धरून उभे, आणि तिथूनच पाढे चालू. वारा असला तर पाढे अर्धेच ऐकू यायचे. राहिलेला अर्धा भाग पोरं आपापसात जुळवून घ्यायची.

एकदा मी चिडवलं, "गुरुजी, छत्री म्हणजे छप्परच की."

"न्हाई मॅडम. छत्री माझ्या हातात हाय. मला वाटलं तवा मी ती टाकून देऊ शकतो. छप्पर टाकता येतं का?"

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाची गोष्ट तर पंचक्रोशीत अजून सांगतात. गावानं हौसेनं स्लॅबच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, फुगे लावले, आणि सत्कारमूर्ती खिडकीबाहेर उभे. सरपंच हात जोडून म्हणाले, निदान हारापुरते तरी आत या. गुरुजी म्हणाले, "हार बाहेर येऊ शकतो की." शेवटी सरपंचांनी गजांमधून हात बाहेर काढून हार त्यांच्या गळ्यात घातला. निम्मी फुलं आतच सांडली. भाषणं आम्ही खिडकीकडं तोंड करून केली.

असं काहून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे, लहानपणी घर अंगावर पडलं. कुणी म्हणे, नवस आहे. शबानाबी, आमच्या खिचडीवाल्या बाई, म्हणायच्या, "दिमाग में हवा भर गई है, और क्या." मी विचारलं तेव्हा ते एवढंच बोलले: "आभाळ आजवर कुणाच्या अंगावर पडलं न्हाई मॅडम. पडतं ते छप्पर." हे वाक्य त्यांच्या तोंडी इतक्या वेळा यायचं की मला त्याचा वीट आला होता.

पण आमच्या गावात ते वाक्य नुसतं ऐकून सोडून देण्यासारखं नव्हतं. आमचं गाव औंढ्याकडच्या माळाला. नाव सांगत नाही, आधीच पुष्कळ पाहुणे येऊन फोटो काढून गेलेत. आमच्याकडं जमीन आवाज करते. भरदुपारी, आभाळ निरभ्र, आणि पायाखालून गुडगुड सुरू होते. कधी लांबून ट्रक यावा तशी, तर कधी एकदम धडाम, की फडताळातली भांडी वाजतात. तालुक्याहून माणसं आली, यंत्र ठेवून गेली. घाबरण्यासारखं काही नाही, म्हणाली. आणि जाताना एक चित्रांचा तक्ता देऊन गेली. त्यात लिहिलं होतं, हादरा बसला की बाकाखाली शिरा. आमच्या शाळेत बाक नाहीत. पोरं सतरंजीवर बसतात. सतरंजीखाली शिरावं तर कसं, ते तक्त्यात नव्हतं.

लोकांना भीती वाटायची, पण भीतीचीही सवय होते. आवाज आला की बाया म्हणायच्या, "आला बघा," आणि भाकरी थापत राहायच्या. पोरं तर उलटी. आवाज झाला की भिंतीला चिकटून, कान लावून बसायची, आतून काय येतंय ते ऐकायला. गुरुजींनी शिट्टी वाजवून त्यांना बाहेर पळायला शिकवून पाहिलं. पोरं खिदळत बाहेर जायची आणि त्यांतली निम्मी पोरं चप्पल घ्यायला परत आत यायची. मला तेव्हा जी धास्ती वाटायची ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती. शाळेच्या मागं जुनी खोली होती, मातीत बांधलेल्या दगडी भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून धोंडे. ती पाडायची परवानगी मागून मागून आम्ही थकलो होतो. तोवर तिच्यात पोषण आहाराचा तांदूळ ठेवायचो. मागच्या भिंतीला तडा होता, त्यात माझा पंजा मावायचा.

मग एक दिवस गुरुजींनी शेवटच्या तासाला गोष्ट सुरू केली.

मी ती ऐकत नव्हते, हे आधीच सांगते. मी आत वह्या तपासत बसायचे, कानावर पडायचं तेवढं पडायचं. पण पारावर कसली शांतता असायची! आईशप्पथ, माझ्या तासाला टाचणी पडली तर चार पोरं ती शोधायला उठायची, आणि इथं एकाचा हात हलत नसे.

गोष्ट अशी. आभाळातून 'वरचे' आले. त्यांचं यान गुळाच्या उपड्या काहिलीसारखं, रातोरात गायरानावर उतरलेलं. दिवसा त्याची फक्त सावली दिसते, यान दिसत नाही. वरच्यांना हवा आहे भुईरेडा. भुईरेडा म्हणजे आपल्या गावाखाली जमिनीच्या पोटात राहणारा रेडा, गावाएवढा लांब. त्याच्या उबेनं आपली हळद पोसते. वरच्यांच्या मुलखात ऊब उरली नाही, म्हणून त्यांना तो ओढून न्यायचाय. ते वरून साखळ्या टाकतात, भुईरेडा खालून हिसका देतो, तेव्हा आपल्याला गुडगुड ऐकू येते. गावाच्या बाजूनं लढायला कोण, तर विहिरीतल्या साती आसरा, पिंपळावरचा मुंजा, आणि पहिली ते चौथीची पोरं. पाचवीच्यांना घेतलं नव्हतं. ती मोठी झाली, त्यांना भुईरेडा दिसायचा बंद होतो, असं गुरुजींचं म्हणणं. पाचवीचे दोघं त्या दिवशी घरी जाऊन रडले.

आणि नियम एकच, तो रोज गोष्टीआधी सगळ्यांनी म्हणायचा: वरच्यांना छपराखालचं दिसतं, उघड्यावरचं दिसत नाही. त्यांची नजर उलटी आहे. भुईरेडा गुरगुरला की झटकन उघड्यावर यायचं, पाराभोवती बसायचं, तिथं आपण कुणालाच दिसत नाही.

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. एकीकडं आम्ही पोरांना सांगतो भूत नाही, मुंजा नाही, आणि इथं मुख्याध्यापक मुंज्याला सैन्यात भरती करतायत. मी गेले भांडायला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, परवा आवाज झाला तवा लेकरं कुठं होती?"

आठवलं. सगळी पाराभोवती होती. मी वळून पाहीपर्यंत वर्ग रिकामा. एकही पोर चप्पल घ्यायला परत आलं नव्हतं. मी वह्यांकडं परत गेले, पण पटलं म्हणून नाही.

गोष्ट पुढं सरकली तसे वरचे हुशार झाले. ते माणसांची रूपं घेऊ लागले. आवाजही हुबेहूब. पोरांची झोप उडाली. मग खरं माणूस ओळखायचं कसं? गुरुजी म्हणाले, "माझं सोपं हाय. मी कवाबी छपराखाली दिसलो, तर समजायचं तो मी न्हाई. लांब पळायचं. आन् बाकीच्यांना म्हणायचं, नाव घ्या. उखाणा. वरच्यांना सगळं येतं, पण नाव घेता येत न्हाई. नाव घ्यायला लाजावं लागतं, आन् वरच्यांना लाज न्हाई."

बस्स. त्या दिवसापासून गावात कुणाला सरळ चालता येईना. दूधवाल्याला अडवलं, नाव घ्या. पिठाच्या गिरणीवाल्याला अडवलं. शबानाबी आधी ओरडल्या, "हमारे में ये नहीं होता रे," पण खिचडीभोवती पोरांनी कडं केलं तेव्हा पळी आपटून म्हणाल्या, "पतेली में खिचडी, खिचडी में नमक, सलीम का नाम लेती, अब जरा सरक!" आणि पदर तोंडावर घेतला. पोरं नाचायला लागली, "खऱ्या हायेत, खऱ्या हायेत!"

समीच्या आईनं तक्रार केली. समी म्हणजे समृद्धी, दुसरीतली, दोन वेण्यांची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघणारी. ती घरात झोपेना, अंगणात बाज टाका म्हणून हट्ट धरी. चौकशीला केंद्रप्रमुख आले. रागातच गाडीवरून उतरले. समी त्यांच्यापुढं उभी राहिली. "सर, नाव घ्या." साहेबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग गुरुजींकडं. गुरुजी झाडाच्या पानांत काहीतरी शोधत होते. साहेबांनी घसा खाकरला आणि बायकोचं नाव घेतलं. यमक जुळलं नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तक्रारीचा कागद त्यांच्या खिशातच राहिला, चहा घेऊन गेले.

गावात एकच माणूस असं उरलं होतं ज्यानं नाव घेतलं नव्हतं, ती मी.

माझे यजमान गेले ते बाळापूरच्या रस्त्यावर, दुचाकीवरून येताना, दिवसाढवळ्या. त्यानंतर गजानन हे नाव माझ्या तोंडून निघालं ते फक्त कचेरीतल्या खिडक्यांपुढं, कागदावर लिहून घेण्यासाठी. विधवा बाई नाव घेत नाही. तिला कुणी मना करत नाही, फक्त कुणी विचारत नाही. संक्रांतीला गावातल्या बाया शाळेत येतात, प्रेमानं माझ्या हातावर तीळगूळ ठेवतात, आणि कुंकवाची कोयरी माझ्यापाशी आली की हात पुढच्या बाईकडं वळतो. मी त्या वेळी खिडकीबाहेर काहीतरी बघत असते. सवय झालीय. पोरांनाही घरून सांगितलं गेलं असावं, मॅडमला विचारायचं नाही म्हणून. ती माझ्याजवळून जाताना नुसती बघायची.

गुरुजींना मात्र कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगून उपयोग नव्हता. एका दुपारी सगळे खिचडी खात होते, कुंपणापाशी दोघीतिघी आया उभ्या होत्या, आणि हा माणूस मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, तुमी एकदाबी नाव घेतलं न्हाई, असं म्हणून राहिलेत लेकरं. काहून?"

शबानाबींची पळी जागच्या जागी थांबली. आयांनी माना खाली घातल्या.

"गुरुजी, तुम्हाला ठाऊक नाही का?"

"ठाऊक हाय ना. गजाननराव गेले. पण नाव कुठं गेलं?"

मी ताट तसंच ठेवून उठले. माझा संताप झाला होता. सगळ्यांदेखत! मी म्हणाले, "तुम्ही झाडाखाली राहा, गुरुजी. माझ्या घरात शिरू नका." त्यानंतर कित्येक दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मस्टर पारावर ठेवायचे आणि वळायचे. ते दगड उचलताना म्हणायचे, "तकलीफ दिली मॅडम." मी तोवर वर्गात पोचलेली असे. खरं सांगू? राग त्यांचा होता आणि नव्हताही. गावातल्या सगळ्या भल्या माणसांत तेवढ्या एकानंच मला विचारलं होतं, आणि तेच मला सहन झालं नव्हतं.

मग एका शुक्रवारची गोष्ट मी खिडकीतून पुरी ऐकली. वरच्यांनी भुईरेड्याला साखळ्यांनी जखडलं होतं. पण त्याचं रेडकू निसटून वर आलं. मांजराएवढं, डोळ्यांना न दिसणारं, हाताला फक्त ऊब लागणारं. मुंज्यानं ते उचललं आणि शाळेच्या जुन्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमागं लपवलं. मुंजा जन्माचा पिंपळावर राहणारा, छपराखालचं वरच्यांना दिसतं हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही. यानाची सावली सरकत सरकत शाळेवर आली. पत्र्यावरचा पहिला धोंडा हलला. आणि—

घंटा झाली. गुरुजींची ही खोडच होती. घंटेबरोबर तोंड बंद, वाक्य अर्धं असलं तरी अर्धंच. पोरं विनवायची, पाय धरायची, ते उठून सायकलकडं चालायला लागायचे. त्या दिवशी समी सायकलच्या मागं मागं फाटकापर्यंत गेली. "गुरुजी, रेडकू वाचलं का? एवढंच सांगा." ते म्हणाले, "उद्या."

उद्या म्हणजे शनिवार, सकाळची शाळा. परिपाठ झाला, पोरं वर्गात बसली. शबानाबी जुन्या खोलीचं कुलूप उघडून तांदूळ घेऊन गेल्या, दार उघडंच राहिलं होतं. मी फळ्यावर तारीख लिहीत होते आणि खडू हातातून उडाला.

गुडगुड नव्हती ती. पायाखालून कुणीतरी सतरंजी ओढल्यासारखं झालं आणि मग आवाज आला. खिडकीच्या काचा वाजल्या. मी "पळा" म्हणायच्या आत वर्ग रिकामा झाला होता. मी बाहेर आले. पोरं पाराभोवती उकिडवी, एकमेकांचे हात धरून, एकही रडत नव्हतं. गुरुजी त्यांच्या डोक्यांना हात लावत लावत नावं घेत होते. शेवटच्या डोक्यापाशी त्यांचा हात थांबला.

"समृद्धी?"

"ती आली होती गुरुजी. मग परत गेली."

"कुठं?"

"रेडकू आणायला."

मी त्या माणसाचा चेहरा तेव्हा पाहिला, तो मला आजही विसरता येत नाही. जुन्या खोलीच्या पत्र्यावरून एक धोंडा घरंगळत खाली आला आणि मातीत रुतला. मी म्हणाले, "गुरुजी, जा ना! हाक मारा तिला!"

"हाक मारून उपयोग न्हाई. वरचे माझा आवाज काढतात, मीच सांगितलंय."

"मग आत जा!"

"मॅडम." त्यांनी हात जोडले. "मी छपराखाली दिसलो तर तो मी न्हाई. तेबी मीच सांगितलंय. मी गेलो तर ती भ्येऊन अजून आत पळंल, त्या भिंतीकडं. तुमी जा. तुमी जावा, मी पाया पडतो."

मी निघालेच होते. मागून ते म्हणाले, "ती नाव घ्यायला लावील."

त्या क्षणी सुद्धा मला राग आला, बघा. मी वळूनही पाहिलं नाही.

आत अंधार आणि धूळ. पत्रा सतत थडथडत होता. भिंतीतला तडा, ज्यात माझा पंजा मावायचा, त्यातून आता उजेड येत होता आणि माती झरत होती. पोत्यांच्या थप्पीमागं, अगदी त्या भिंतीला पाठ लावून समी बसली होती. दोन्ही हात पोटाशी घेतलेले, जसं काही धरलंय.

"समे, चल बाळा. ऊठ."

"तिथंच थांबा." आवाज बारीक, पण ठाम. "फुडं येऊ नका. फुडं आलात तर मी त्या फटीतून जाईन."

त्या फटीतून मांजरही गेलं नसतं. पण तिनं नुसता हात घातला असता तरी भिंत अंगावर आली असती. मी होते तिथंच थिजले.

"समे, मी मॅडम आहे गं. तुझी मॅडम."

"नाव घ्या."

"बाहेर घेते. आधी बाहेर चल."

"वरचे असंच म्हणतात." तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर तीच, रोखलेली. "तुमी कवाच नाव घेतलं न्हाई. सगळ्यांनी घेतलं, सायबांनी घेतलं. आई म्हणती, मॅडमला नाव घेता येत न्हाई. नाव घेता येत न्हाई ते कोण ऱ्हाते, मला ठाऊक हाय."

मला जो मार बसला तो पत्र्यावरच्या धोंड्यानंही बसला नसता. ह्या लेकराला मी माणूस आहे की नाही याचीच खात्री नव्हती. आणि तिचं काय चुकलं?

पुन्हा खालून गुरगुर सुरू झाली. माझ्या खांद्यावर माती पडली. लग्नात मला उखाणा पाठ करून दिला होता, हळदीच्या वाफ्याचा काहीतरी. तो आठवेना. पहिली ओळ येईना, शेवटची येईना. नाव तेवढं होतं. मी तोंड उघडलं तर नुसती हवा निघाली. समीनं हात फटीकडं नेला.

"थांब! थांब, घेते. घेते ना." मी पोत्याला धरलं. "तांदळाच्या पोत्यामागं... बसली आमची समी..."

तिचा हात थांबला.

"गजाननरावांचं..." बाई गं, काय सांगू. इतक्या वर्षांनी तो माणूस त्या धुळीत माझ्यापुढं येऊन उभा राहिला, शर्टाची बाही दुमडत, नेहमीसारखा उशीर झालेला. "गजाननरावांचं नाव घेते, आवाज झाला कमी."

समी ऐकत राहिली. जमिनीचा आवाज ऐकत होती.

"कमी झाला न्हाई."

"होतोय. होतोय बघ आता."

तिनं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. "लाजल्या न्हाईत तुमी. रडून राहिल्या."

"हो गं."

"गुरुजींनी रडायचं काई सांगितलं न्हाई." ती विचारात पडली. वरचा पत्रा एका बाजूनं उचलल्यासारखा झाला आणि परत आदळला. मी हात पुढं केला, पाऊल मात्र उचललं नाही. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "लाज न्हाई त्यांना, मग रडू कुठून ऱ्हाईल." आणि उठली. हात पोटाशी तसेच धरून, थप्पीच्या कडेनं, सावकाश, काही सांडू नये अशी चालत माझ्याकडं आली. मी तिला काखेत मारली आणि धावले.

आम्ही पारापाशी पोचलो आणि मागची भिंत बसली. पडली म्हणत नाही मी, बसली, थकलेल्या माणसासारखी. तिच्यामागं पत्रे आले. धूळ झाडापर्यंत आली आणि शबानाबी "या अल्ला, या अल्ला" करत चुलीपासून पळत आल्या.

समी खाली उतरली आणि गुरुजींपुढं जाऊन उभी राहिली. हात पुढं केले. हातांत काही नव्हतं. गुरुजी गुडघ्यावर बसले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी पसरला, आणि तिच्या हातातून जे काही होतं ते त्यात घेतलं. घेताना टॉवेलाचं एक टोक सुटलं.

"नीट धरा गुरुजी," समी ओरडली. "पडंल ते."

"व्हय," ते म्हणाले. "धरतो." आणि तो टॉवेल छातीशी धरून ते पोरांसमोर हुंदके देऊन रडले. पुन्हा पुन्हा म्हणत होते, "त्या खोलीचंच नाव मी काहून घेतलं? लपवायला दुसरी जागा नव्हती का मला?" मी त्यांच्या शेजारी बसले. माझा राग कुठं गेला होता कुणास ठाऊक. मी म्हणाले, "गुरुजी, बाकी सगळी बाहेर होती. सगळी." त्यांना ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

गाव धावत आलं. आयांनी आपापली लेकरं ओढून घेतली, समीच्या आईनं तिला एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरलं. जमीन शांत झाली होती. तरी कुणी घरी जाईना, सगळे तिथंच, पाराभोवती, उघड्यावर. थोड्या वेळानं एक पोरगं म्हणालं, "गुरुजी, धोंडा हलला. फुडं काय झालं?"

मला वाटलं, आता हा माणूस कानाला खडा लावील, गोष्ट बंद म्हणेल. ते डोळे पुसत म्हणाले, "फुडचं मला ठाऊक न्हाई. मी आत नव्हतो. मॅडम होत्या. त्यांना इचारा."

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मी, जिनं ती गोष्ट कधी ऐकली नाही म्हणून मिरवलं, ती पारावर चढून बसले आणि सांगायला लागले. पत्रा कसा थडथडत होता, माती कशी झरत होती, वरचे तड्यातून कसे आत डोकावत होते. रेडकाची ऊब कशी लागत होती, हेही सांगितलं. समी मधूनमधून दुरुस्त करत होती. आणि मग तीच मोठ्यानं म्हणाली, "आन् मग मॅडमनी नाव घेतलं."

"कोन्तं?" चारपाच पोरं एकदम.

समीच्या आईनं तिचा दंड दाबला, "समे, ऱ्हाऊ दे." कुंपणापाशी सगळ्या आया उभ्या होत्या, संक्रांतीला येतात त्याच. मी खिडकीबाहेर बघायची सवय असलेली बाई, पण इथं खिडकी नव्हती. गुरुजी टॉवेल मांडीवर घेऊन खाली मान घालून बसले होते. त्यांनी मला विचारलं नाही. त्यांचं विचारून झालं होतं.

मी उभी राहिले आणि सगळ्या गावासमोर, मोठ्यानं म्हणाले:

"तांदळाच्या पोत्यामागं बसली आमची समी,
गजाननरावांचं नाव घेते, आवाज झाला कमी."

या खेपेला लाजले मी. कान तापलेले मला कळले. पोरं ओरडली, "खऱ्या हायेत, खऱ्या हायेत!" समीची आई तोंडाला पदर लावून माझ्याकडं बघत राहिली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मॅडम, लई छान घेतलं."

गुरुजी निवृत्त होऊन गेले त्याला आता बरेच महिने झाले. जाताना सायकलला छत्री बांधली होती. मला म्हणाले, "गोष्ट तुमच्यापाशी ऱ्हाईली मॅडम. घंटा झाली की थांबत जा. पण लपवायचं ते उघड्यावर लपवा." जुनी खोली आता नाही, तिथं मोकळी जागा आहे. जमीन अजून आवाज करते. शेवटच्या तासाला पोरं पाराभोवती जमतात, आणि मी तोंड उघडायच्या आधी कुणीतरी एक जण, बहुतेक समीच, उठून डोळ्यांत रोखून बघत म्हणते, "आधी नाव घ्या."

मी रोज घेते.